पॅरलल पोर्ट आणि मशीन यांच्यामध्ये ऑप्टो: पहिल्यांदा जोडणाऱ्यांसाठी

जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे पंचवीस भोकांचा जो कनेक्टर दिसतो, तो मुळात प्रिंटरसाठी होता. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळापासून तो आहे आणि १९९४ मध्ये त्याला आयईईई १२८४ हे मानकही मिळालं. पुढे प्रिंटर यूएसबीवर गेले. हा पोर्ट मात्र सीएनसी करणाऱ्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवरून मशीन चालवणाऱ्यांनी, सोडला नाही. प्रोग्रामने आकडा लिहिला की त्याच क्षणी पिनेवरचा व्होल्टेज बदलतो, मधे कुणी थांबवणारा नाही. एकेका पल्सला एकेक पाऊल फिरणाऱ्या स्टेपर मोटरला नेमकं हेच लागतं.

या थेटपणाची दुसरी बाजूही आहे. पिनेची वायर जवळजवळ सरळ मदरबोर्डवरच्या आयसीत जाते. मशीनकडून २४ व्होल्टची वायर चुकून तिथे टेकली, तर पोर्ट गेलाच समजा, आणि त्याच्यासोबत काय काय जाईल ते सांगता येत नाही. वायर टेकली नाही तरी टूल फिरवणारा स्पिंडल सुरू-बंद होताना येणारे झटके सिग्नलच्या वायरीतून आत शिरतात आणि मशीन मधेच थांबतं किंवा स्टेप गाळतं. म्हणून मधे ऑप्टो आयसोलेटर घालायचा. एका काळ्या आयसीत समोरासमोर एक एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर असतो. प्रकाश पलीकडे जातो, करंट जात नाही.

आधी बघा, तो लागतो का

बरेच लोक ही पायरी गाळतात. तुमच्या स्टेपर ड्रायव्हरवर, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या बोर्डावर, पल्स प्लस, पल्स मायनस, डायरेक्शन प्लस, डायरेक्शन मायनस अशी जोडीजोडीने टर्मिनलं असतील, तर बहुधा त्याच्या आत ऑप्टो आहेतच. डेटाशीटमधली आतली आकृती बघून खात्री करा. आत असतील तर बाहेर आणखी एक ऑप्टो लावून काही साधत नाही, उलट उशीर वाढतो. तिथे फक्त बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारी आयसी, पुरतो. सगळ्या प्लस टर्मिनलांना कॉम्प्युटरकडचे ५ व्होल्ट द्यायचे आणि मायनस टर्मिनलं बफरने खाली ओढायची.

ड्रायव्हर साध्या लॉजिक इनपुटचा असेल, म्हणजे एकच स्टेप पिन, एकच डायरेक्शन पिन आणि ग्राउंड, तर ऑप्टो बाहेर लावावा लागतो. लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं हे सांगणारा), होम स्विच (अक्षाची सुरुवातीची जागा सांगणारा), प्रॉक्झिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारा) आणि स्पिंडलचा रिले यांना तर तो लावावाच. बाहेरची सगळ्यात लांब वायर याच मंडळींची असते.

दोन ग्राउंड, दोन सप्लाय

या कामात एवढी एक गोष्ट नीट जमली, तर बाकीच्या चुका निस्तरता येतात. ऑप्टोच्या एलईडीकडची बाजू आणि ट्रान्झिस्टरकडची बाजू यांचे सप्लाय वेगळे हवेत आणि ग्राउंडही वेगळे हवेत. दोन्ही बाजूंना एकाच सप्लायचे ५ व्होल्ट दिले किंवा ‘ग्राउंड तर एकच असतो ना’ म्हणून दोन्हीकडचे ग्राउंड जोडले, तर सर्किट चालेल, मोटर फिरेल, पण आयसोलेशन शून्य. नवख्यांच्या बोर्डांत मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच, आणि ती दिसत नाही म्हणूनच टिकते.

कॉम्प्युटरच्या बाजूचे ५ व्होल्ट त्याच कॉम्प्युटरच्या यूएसबीतून घ्या. पॅरलल पोर्टवर ५ व्होल्टची पिन नसते. यूएसबीचा आणि पोर्टचा ग्राउंड मुळात एकच आहे, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. मशीनच्या बाजूला स्वतंत्र सप्लाय लावा. लिमिट स्विचसाठी १२ किंवा २४ व्होल्ट, लॉजिकसाठी ५ व्होल्ट. हे ५ व्होल्ट मशीनच्याच २४ मधून रेग्युलेटरने काढले तरी चालतात.

अर्थिंगबद्दल गैरसमज नको. कॉम्प्युटरचा डबा आणि मशीनची बॉडी दोन्ही अर्थ केलेल्या असायलाच हव्यात. ‘आयसोलेशन हवं’ म्हणून कुणी बॉडीचं अर्थिंग काढत असेल, तर त्याच्या हातातून पक्कड काढून घ्या. पॅनेलमध्ये मशीनचा ० व्होल्ट अर्थला बांधलेला असला तरी चालेल. आपल्याला एवढंच बघायचं आहे, की हे दोन ग्राउंड आपल्या बोर्डावर आणि सिग्नलच्या केबलमध्ये भेटता कामा नयेत.

पिनांची ओळख

पिन २ ते ९ या आठ डेटा पिना, सगळ्या आउटपुट. १, १४, १६ आणि १७ या कंट्रोलच्या चार, त्याही आउटपुट म्हणून वापरतात. १०, ११, १२, १३ आणि १५ या पाच इनपुट. १८ ते २५ सगळ्या ग्राउंड. म्हणजे एका पोर्टावर बारा आउटपुट आणि पाच इनपुट. तीन अक्षांचं मशीन यात आरामात बसतं.

स्टेप आणि डायरेक्शन डेटा पिनांवरच ठेवा. जुन्या पोर्टांत कंट्रोलच्या पिना ओपन कलेक्टर असतात, म्हणजे स्वतः फक्त खाली ओढतात, त्यामुळे वर जायला वेळ घेतात. स्पिंडलचा रिले, कूलंट असली निवांत कामं त्यांना द्यावीत. १, १४, १७ आणि ११ या पिना हार्डवेअरमध्येच उलट्या आहेत. स्वतः रजिस्टरवर लिहिणारा प्रोग्राम करणार असाल तर हे लक्षात ठेवा. लिनक्ससीएनसीसारखं तयार सॉफ्टवेअर हे स्वतः सांभाळून घेतं.

केबलची एक गंमत सांगतो. दोन्ही टोकांना पंचवीस पिनांचे नर कनेक्टर असलेल्या केबली दोन प्रकारच्या मिळतात. एक सरळ, एकास एक जोडलेली. दुसरी पूर्वी दोन कॉम्प्युटरांत फायली पाठवायला वापरायचे ती, आतून वायरी उलटसुलट केलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. केबल जोडण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर पंचवीसच्या पंचवीस पिना तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

यूएसबीतून पॅरलल पोर्ट काढणारा अॅडॅप्टर घेऊ नका. तो फक्त प्रिंटरला समजतो, प्रत्येक पिनेवर हव्या त्या क्षणी पल्स देणं त्याला जमत नाही. पोर्ट नसलेल्या कॉम्प्युटरला पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावावं. मदरबोर्डवरच्या पोर्टचा पत्ता बहुधा ३७८ हेक्स असतो, कार्डाचा वेगळा असतो आणि तो सॉफ्टवेअरला सांगावा लागतो.

कोणता ऑप्टो कुठे

पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टो सगळीकडे मिळतो आणि गुणी आहे, पण धिमा आहे. एलईडी विझल्यावर आतला ट्रान्झिस्टर लगेच बंद होत नाही. पुल-अप रेझिस्टर, म्हणजे आउटपुटला वर ओढून धरणारा, मोठा असेल तर बंद व्हायला दहा-वीस नव्हे, त्याहूनही जास्त मायक्रोसेकंद जातात.

आता गणित करू. १.८ अंशाची मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हर १० मायक्रोस्टेपवर ठेवला, म्हणजे एका स्टेपचे दहा भाग केले, की २००० झाल्या. स्क्रूचा पिच ५ मिमी धरला तर १ मिमी सरकायला ४०० पल्स. मशीन मिनिटाला ३००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी पळवायचं असेल तर सेकंदाला २०,००० पल्स लागतील. दर ५० मायक्रोसेकंदाला एक. त्यात पल्सची रुंदी जेमतेम काही मायक्रोसेकंद. पीसी८१७ इथे पल्स गिळून टाकतो. मोटर हळू चालवली की सगळं ठीक, वेग वाढवला की स्टेप गायब, आणि नवखा माणूस बिचारा मोटर बदलत बसतो.

म्हणून स्टेपसाठी ६एन१३७ घ्या. हा आठ पायांचा, सेकंदाला १ कोटी बिट पेलणारा. त्याला आउटपुटच्या बाजूला स्वतःचे ५ व्होल्ट लागतात. डायरेक्शनसाठीही तोच वापरा. डायरेक्शन धिम्या ऑप्टोतून आणि स्टेप वेगवान ऑप्टोतून नेली, तर दिशा बदलताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडते. लिमिट स्विच, होम, रिले यांना पीसी८१७ पुरून उरतो. होमिंगच्या वेळी अक्ष सेकंदाला ५ मिमीने सरकत असेल आणि ऑप्टोने ५० मायक्रोसेकंद उशीर केला, तर फरक पडतो ०.०००२५ मिमीचा. तुमच्या स्विचचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त वाकतो.

आउटपुटची बाजू

पोर्टाच्या पिनेवर थेट ऑप्टोचा एलईडी टांगू नका. मूळ आयबीएम कार्डावरची आयसी वर ढकलताना फक्त २.६ मिलिअँपिअर देण्याच्या लायकीची होती, खाली ओढताना २४ घ्यायची. आजच्या पोर्टांचा काही नेम नाही. कित्येक तर ५ ऐवजी ३.३ व्होल्टच देतात. म्हणून मधे ७४एचसीटी५४१ हा आठ वाटांचा बफर टाका. नावात ‘एचसीटी’च हवं. नुसत्या ‘एचसी’ला ५ व्होल्टवर साधारण ३.५ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय ‘एक’ कळत नाही. ‘एचसीटी’ला २ व्होल्ट पुरतात, म्हणजे ३.३ चा पोर्टही चालतो.

बफरची जोडणी अशी. पाय २० ला यूएसबीचे ५ व्होल्ट, पाय १० ला कॉम्प्युटरचा ग्राउंड. पाय १ आणि १९ ग्राउंडला, तरच आउटपुट चालू राहतात. पाय २ ते ९ इनपुट, त्यांना पोर्टाच्या पिन २ ते ९. आउटपुट पाय १८ पासून ११ पर्यंत उलट्या क्रमाने, म्हणजे पाय २ चा आउटपुट १८ वर. न वापरलेले इनपुट मोकळे सोडू नका, ग्राउंडला बांधा. आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आता ६एन१३७. यूएसबीच्या ५ व्होल्टपासून ३३० ओहमचा रेझिस्टर, तिथून ऑप्टोचा पाय २, आणि पाय ३ बफरच्या आउटपुटला. पिन खाली गेली की एलईडी पेटतो. एलईडीवर साधारण १.५ व्होल्ट पडतात, उरलेल्या साडेतीन व्होल्टला ३३० ओहमने भागलं की १० मिलिअँपिअरच्या आसपास येतात. बफरवर थोडे व्होल्ट खर्ची पडून हातात ९ उरले तरी पुरे. एलईडी असा खाली ओढूनच पेटवायचा, कारण दोन ठिकाणी ‘उलट’ होऊन शेवटी सिग्नल सरळ निघतो. ६एन१३७ स्वतः उलटा आहे, एलईडी पेटला की त्याचा आउटपुट खाली जातो. पिन खाली, एलईडी चालू, आउटपुट खाली. डोक्याला ताप नाही.

पलीकडच्या बाजूला पाय ८ ला मशीनचे ५ व्होल्ट, पाय ५ ला मशीनचा ग्राउंड, आणि या दोघांमध्ये पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड. हा कपॅसिटर ऐच्छिक नाही, त्याच्याशिवाय ६एन१३७ बहकतो. पाय ७ पाय ८ ला जोडून टाका. पाय ६ हा आउटपुट ओपन कलेक्टर आहे, त्याला १ किलोओहमने मशीनच्या ५ व्होल्टला बांधा आणि तिथून वायर ड्रायव्हरच्या स्टेपला न्या. ड्रायव्हरचा लॉजिक ग्राउंड अर्थातच मशीनच्या ग्राउंडला. पोर्टाच्या १८ ते २५ पिनांना तो लावायचा मोह होतो, आवरा.

स्पिंडलच्या रिलेसाठी तोच प्रकार पीसी८१७ वर, ३३० च्या जागी ४७० ओहम. त्याचा ट्रान्झिस्टर रिलेची कॉइल स्वतः ओढू शकत नाही, पुढे एक ट्रान्झिस्टर लागतो. कॉइलवर १एन४००७ उलटा लावायला विसरू नका. मेन्सच्या वायरी या बोर्डावर आणूच नका, रिले पॅनेलमध्ये वेगळा ठेवा.

इनपुटची बाजू

इथे सगळं उलटं होतं. एलईडी मशीनकडे, ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरकडे. पीसी८१७ मध्ये पाय १ एलईडीचा ॲनोड, २ कॅथोड, ३ एमिटर, ४ कलेक्टर.

२४ व्होल्टपासून लिमिट स्विच, स्विचपासून २.२ किलोओहम, तिथून पाय १, आणि पाय २ मशीनच्या ० व्होल्टला. करंट १० मिलिअँपिअरच्या थोडा वर जातो. रेझिस्टरवर सुमारे पाव वॅट उष्णता होते, म्हणून अर्ध्या वॅटचा घ्या. पाव वॅटचा लावला तर तो कायम काठावर तापत राहील. एलईडीला उलटा १एन४१४८ समांतर लावा. पीसी८१७ चा एलईडी उलट दिशेने जेमतेम ६ व्होल्ट सोसतो, आणि २४ व्होल्टच्या वायरी उलट लावण्याची चूक प्रत्येकाकडून एकदा तरी होते.

कॉम्प्युटरच्या बाजूला पाय ४ पोर्टाच्या पिन १० ला, पाय ३ पोर्टाच्या ग्राउंडला, आणि पाय ४ पासून यूएसबीच्या ५ व्होल्टला ४.७ किलोओहम. काही पोर्टांत पुल-अप आतच असतो, काहींत नसतो, त्यामुळे तो बाहेरून लावलेला बरा. या ४.७ किलोओहमला १ मिलिअँपिअर ओढावा लागतो. पीसी८१७ ची खालची हमी ५ मिलिअँपिअरवर ५० टक्क्यांची आहे, तेव्हा दहा देऊन एक मिळवायला काहीच हरकत नाही.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा. सगळं ठीक असताना एलईडी पेटलेला राहतो. स्विच दाबला गेला, वायर तुटली, कनेक्टर निघाला किंवा सप्लाय गेला, काहीही झालं तरी एलईडी विझतो आणि मशीन थांबतं. नॉर्मली ओपन जोडलात तर तुटलेली वायर तुम्हाला टेबल जाऊन धडकल्यावर कळेल. एका अक्षाच्या दोन्ही टोकांचे असे स्विच एकापाठोपाठ एका मालिकेत जोडले की एकच पिन पुरते, पाच इनपुटांत हे उपयोगी पडतं.

प्रॉक्झिमिटी सेन्सर एनपीएन असेल तर २४ व्होल्ट, रेझिस्टर, एलईडी आणि मग सेन्सरची आउटपुट वायर. पीएनपी असेल तर सेन्सरची आउटपुट वायर, रेझिस्टर, एलईडी आणि मग ० व्होल्ट.

इमर्जन्सी स्टॉपची एक पिन सॉफ्टवेअरला जरूर द्या, पण तेवढ्यावर राहू नका. त्या बटणाने मोटरचा आणि स्पिंडलचा सप्लाय कॉन्टॅक्टरमार्फत प्रत्यक्ष तुटला पाहिजे. कॉम्प्युटर गोठला असेल तेव्हाच तर ते बटण लागतं.

बोर्ड

जनरल पर्पज बोर्डावर हे सगळं आरामात बसतं. मधोमध एक रेघ आखा, ऑप्टो तिच्यावर आडवे बसवा, एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे. ऑप्टोच्या पोटाखालून एकही ट्रॅक किंवा वायर जाऊ देऊ नका, तिथल्या तांब्याच्या पट्ट्या खरवडून टाका. आयसी थेट सोल्डर करण्याऐवजी बेसमध्ये बसवा, उडालेला ऑप्टो बदलणं मग सोपं जातं.

माझा पहिला बोर्ड मी पितळी स्पेसरवर मशीनच्या पत्र्याला कसला. कोपऱ्यातलं भोक कॉम्प्युटरकडच्या ग्राउंडच्या ट्रॅकला खेटून होतं, स्क्रूच्या डोक्याने दोन्ही जोडले गेले. सगळं व्यवस्थित चालत होतं, फक्त स्पिंडल सुरू केला की कधीमधी लिमिटचा खोटा एरर यायचा. मी आठवडाभर केबलींना फेराइट लावत बसलो होतो. शेवटी प्लॅस्टिकचे स्पेसर लावले. पोर्टाच्या कनेक्टरचं लोखंडी कवच मशीनच्या पत्र्याला टेकलं तरी हेच होतं.

तपासणी, याच क्रमाने

बोर्ड सगळ्यापासून सुटा ठेवा. मल्टिमीटर सर्वात मोठ्या ओहम रेंजवर टाकून दोन ग्राउंडांमध्ये मोजा, मग दोन प्लसांमध्ये मोजा. दोन्हीकडे ओपन दिसलं पाहिजे. आयसी बेसमध्ये न बसवता दोन्ही सप्लाय द्या आणि बेसच्या पायांवर व्होल्ट बरोबर येतात का बघा. आता आयसी बसवा. पोर्ट अजून जोडायचा नाही. बफरचा एकेक इनपुट १ किलोओहममधून आधी ५ व्होल्टला, मग ग्राउंडला लावा आणि त्या-त्या ऑप्टोचा आउटपुट वरखाली होतो का ते पाहा.

मग पोर्ट जोडा, मोटरचा सप्लाय बंदच ठेवून. बायॉसमध्ये पोर्ट चालू आहे आणि मोड साधा किंवा ईपीपी आहे हे बघून घ्या. सॉफ्टवेअरमधून एकेक पिन हाताने वरखाली करा आणि मशीनकडच्या टर्मिनलवर मोजा. लिमिट स्विच बोटाने दाबा, स्क्रीनवर स्थिती बदलली पाहिजे. सगळं जोडून झाल्यावर दोन ग्राउंडांत पुन्हा मोजा, अर्थात दोन्ही सप्लाय बंद ठेवून. कंटिन्युइटी आली तर कॉम्प्युटरची मेन्स पिन सॉकेटमधून काढून पुन्हा मोजा. आता ओपन दिसलं तर जोड अर्थिंगमधून होता, काळजी नाही. तरीही बझर वाजला तर बोर्डावर किंवा केबलमध्ये कुठेतरी घोळ आहे.

कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टाच्या पिना आपल्या मर्जीने हलतात. म्हणून मोटर आणि स्पिंडलचा सप्लाय सॉफ्टवेअर पूर्ण उघडल्यानंतर चालू करायचा, आणि कॉम्प्युटर बंद करण्याआधी बंद करायचा. हे सवयीवर सोडायचं नसेल तर चार्ज पंपचा पर्याय आहे. सॉफ्टवेअर जिवंत असेपर्यंत एका पिनेवर सतत पल्स देतं, ते थांबले की एक छोटं सर्किट बफरचा पाय १ (तो मग ग्राउंडला न बांधता या सर्किटला जोडलेला असतो) वर उचलतं आणि सगळे आउटपुट सुटतात. मॅक३ (विंडोजवर चालणारं सीएनसी सॉफ्टवेअर) आणि लिनक्ससीएनसी दोन्हींत ही सोय आहे. मॅक३ वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही.

लिनक्ससीएनसीत आधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटरला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी, चालवा, ती चालू असताना खिडक्या उघडा-मिटा, फायली कॉपी करा, कॉम्प्युटरला दमवा. मग सेटिंगमध्ये स्टेपची रुंदी, दोन स्टेपमधलं अंतर आणि डायरेक्शनचा आधीचा-नंतरचा वेळ भरा. हे आकडे नॅनोसेकंदांत असतात. सुरुवातीला ड्रायव्हरच्या डेटाशीटपेक्षा ऐसपैस ठेवा. डायरेक्शनला ५०,००० म्हणजे ५० मायक्रोसेकंद दिले तरी पहिल्या दिवशी काही अडत नाही.

शेवटची चाचणी मोटरसह. टूल न लावता, टेबल मधोमध आणून, अक्षाला डायल इंडिकेटर टेकवा आणि शून्य करा. हळू वेगाने १० मिमी मागे आणि १० मिमी पुढे, असं शंभर वेळा चालवणारा छोटा प्रोग्राम लिहा. इंडिकेटर शून्यावर परत येतो का बघा, मग वेग वाढवत पुन्हा चालवा. चूक दर फेरीला सारख्याच मापाने एकाच दिशेला वाढत गेली, तर डायरेक्शनचा वेळ वाढवा किंवा स्टेपची ध्रुवता उलटी करून बघा. चूक कधी इकडे, कधी तिकडे आणि जास्त वेगातच दिसली, तर ऑप्टोच्या आउटपुटवरचा पुल-अप आणि पल्सची रुंदी तपासा. स्पिंडल चालू केल्यावरच दिसली, तर मल्टिमीटर घेऊन परत त्या दोन ग्राउंडांकडे जा.